डायरेक्ट जोडलेली वायर

कामावर मी सुपरवायझर आणि तो वायरमन, पण हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आयटीआयला दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. "ज्याने माझ्यासमोर पहिला फ्यूज उडवला त्याला मी साहेब म्हणू काय?" असं तो चारचौघांत विचारायचा. पुढे मी सुपरवायझरची परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं. त्याने फॉर्मसुद्धा आणला नाही. "कागदावर सर्किट काढून दिवो पेटता काय?" हा त्याचा सवाल.

तो मूळ कुडाळकडचा, पण जन्म भांडुपचा. एरवी आमच्यासारखीच मराठी बोलायचा. रागात, लाडात आणि दुखलं-खुपलं की मालवणीत जायचा. मी घाटकोपरचा. माझे वडील बुलढाण्याहून आलेले, विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आम्ही दोघांनी मिळून उपनगरातल्या किती इमारतींना वायरिंग केलं ते आता आठवतही नाही. अंधेरीची ऑफिसं, मालाडचे टॉवर, बोरिवलीतल्या एका शाळेच्या नव्या मजल्याचे वर्ग. भिंती उभ्या राहिल्या की प्लास्टर व्हायच्या आधी आमचं काम सुरू व्हायचं. झिरी मारायची, पाइप बसवायचे आणि मग त्यातून वायर ओढायची. भिंतीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. एकमेकांना दिसायचो नाही. वायर कुठल्या वळणावर अडली आहे हे त्याला हाताला कळायचं. तिकडून ओरडायचा, "ओढू नको, थोडी मागे घे, आता सोड!" आणि वायर सरसर निघून यायची.

दुपारी खिडक्या न बसलेल्या एखाद्या हॉलमध्ये प्लायवूडचा तुकडा टाकून आम्ही डबे उघडायचो. त्याच्या डब्यात सुकट, माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी. भाकरी तो घ्यायचा, सुकट मी. मुलुंड-भांडुपकडच्या साइटवर बाराव्या-चौदाव्या मजल्यावरून खाडी आणि मिठागरं दिसायची. एवढ्या उंचीवर वारा इतका यायचा की डब्याचं झाकण पायाखाली दाबून ठेवावं लागायचं. ज्या घरांत पुढे आम्हाला वॉचमनने वर सोडलं नसतं, त्या घरांच्या हॉलमध्ये आम्ही असे पाय पसरून जेवलो आहोत.

इमारतीला कायमचा सप्लाय मिळाला की संध्याकाळी सगळ्या मजल्यांचे दिवे एकदम लावून बघायचे असत. तेव्हा तो मला ओढत रस्त्यापलीकडे न्यायचा. हातात कटिंग चहा घेऊन आम्ही मान वर करून उभे राहायचो. "चौथ्या मजल्याचं बाथरूम राहिलं," असं तो म्हणायचा, आणि खरंच ते राहिलेलं असायचं. आज माझ्याकडे फोनमध्ये शेकडो फोटो आहेत, पण त्या उजळलेल्या इमारतींचा एकही नाही. तेव्हा सुचलंच नाही.

हे सगळं मुलुंडच्या त्या साइटपर्यंत.

पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर चढत होता. बिल्डरने विजेचं काम आमच्या शेठला दिलेलं. शेठ म्हणजे ज्याच्याकडे आम्ही दोघं कामाला होतो तो इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. माणूस वाईट नव्हता. माझ्या धाकटीच्या बारशाला पेढे घेऊन आला होता, आणि त्याच्या वहीत साइटची सुपरवायझरी कायम माझ्याच नावावर असायची. जबाबदार माणूस म्हणून सही माझी.

इमारत बांधली जात असते तेव्हा कामापुरता तात्पुरता सप्लाय घेतात. खाली एक बोर्ड असतो, त्यातून मिक्सर, व्हायब्रेटर, कटर, हॅलोजन असं सगळं चालतं. त्या बोर्डात एक डबी बसवलेली असते. आम्ही तिला ईएलसीबी म्हणायचो. कुठे वायर सोलली आणि करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ती सप्लाय तोडते. बांधकामावर माणूस जिवंत राहतो तो बऱ्याचदा त्या डबीमुळे.

तिथे ती डबी दिवसातून दहा-दहा वेळा ट्रिप व्हायला लागली. ताज्या स्लॅबवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, ते खाली ओघळायचं, केबल भिजायच्या. डबी आपलं काम चोख करत होती. पण ती ट्रिप झाली की कटर थांबायचा, व्हायब्रेटर थांबायचा, आणि बिल्डरचा इंजिनिअर शेठला फोन लावायचा. खरं म्हणजे सगळ्या केबल तपासून सोललेल्या बदलायला हव्या होत्या. मी तसं सांगितलं. शेठ म्हणाला, "बदलू ना. माल येऊ दे. तोवर दोन दिवस डायरेक्ट कर."

डायरेक्ट म्हणजे ती डबी बाजूला ठेवून वायर सरळ पुढे जोडायची. मग काहीही झालं तरी सप्लाय तुटत नाही.

मी केलं. स्क्रू ड्रायव्हर माझा, हात माझे. तो त्या दिवशी नव्हता, मेहुण्याच्या लग्नाला गावी गेला होता. तीन दिवसांनी आला तो बॅगभर फणसाचे गरे घेऊन. सगळ्या साइटला वाटत फिरला. त्या गडबडीत त्याला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. खरं सांगायचं तर मी टाळलं. तो ऐकून गप्प बसणारा नव्हता. बोर्डासमोर उभा राहून आरडाओरडा केला असता, काम बंद पाडलं असतं, आणि मला शेठ आणि तो यांच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं. माल आज येईल, उद्या येईल, असं करत दोन दिवसांचे अकरा दिवस झाले.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी सातव्या मजल्यावर पाइप मोजत होतो. खालून आरडाओरडा ऐकू आला. जिन्याने धावत उतरताना माझं लक्ष दिव्यांकडे गेलं. जिन्यातले बल्ब शांतपणे जळत होते. ते विझायला हवे होते. खाली कुणाला तरी शॉक लागलाय आणि बल्ब चालू आहेत, म्हणजे काय झालंय ते मला तिसऱ्या मजल्यावरच कळलं.

हॅलोजनचं लोखंडी स्टँड तो एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सरकवत होता. त्याची केबल सळ्यांखाली दबून सोललेली होती. पायाखाली पाणी. त्याच्या उजव्या हाताची मूठ स्टँडवर आवळली गेली ती सुटेना. एका गवंड्याने फळी मारून त्याला सोडवलं होतं. मी मेन स्विच पाडला आणि त्याच्यापाशी गेलो. श्वास चालत नव्हता.

आयटीआयच्या भिंतीवर एक तक्ता होता, शॉक लागलेल्याला श्वास कसा द्यायचा त्याचा. त्यातल्या चित्रातला माणूस इतका टापटीप भांग पाडलेला होता की आम्ही दोघं वर्षभर त्याला हसलो होतो. तो तक्ता मला ओळ न् ओळ आठवला. छाती दाबत होतो, तोंडाने हवा देत होतो, आणि मध्येमध्ये त्याला शिव्या देत होतो. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तो खोकला.

जीव वाचला, पण हात वाचला नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात आधी बोटं काळी पडली, मग पंजा. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला आणि शेवटी उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांवर कापला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. त्याची बायको औषधं आणायला खाली गेली होती. मी त्याला सांगितलं. "डबी मी काढली होती. तू गावी होतास तेव्हा. तुला सांगितलं नाही."

त्याने डाव्या हाताने पांघरूण ओढून घेतलं. मग भिंतीकडे तोंड केलं. "जा तू," म्हणाला.

मी गेलो. त्या दिवशी मला घाटकोपरपर्यंत चालत जावंसं वाटलं, आणि मी चालत गेलो. दुसऱ्या दिवशी जाऊ की नको करत पुन्हा वॉर्डात पोहोचलो, तर त्याने डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. आवाज बारीक होता.

"इन्स्पेक्टर येतलो मा? तू गप रव. डबी मीच काढलंय म्हणान सांगतंय."

"वेडा झालास काय?"

"माझो हात तसोय गेलोच. तुझी नोकरी कित्याक घालवतंस? दोन चेडवां आसत तुका."

माझ्या दोन मुलींचं नाव काढलं तरी मी नाही म्हणालो, पण ठामपणे नाही म्हणालो, असं आज मला म्हणता येत नाही. विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसातून माणूस साइटवर आला तेव्हा मी "बघून सांगतो, तपासावं लागेल" अशी गुळमुळीत उत्तरं दिली. असे नऊ दिवस मी काढले. घरी नीट जेवायचो, मुलींचा अभ्यास घ्यायचो, आणि आतून कुजत होतो.

दहाव्या दिवशी शेठने मालाडच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. जखमी कामगाराने कुणाला न विचारता, हातमोजे न घालता, स्वतःच बोर्डातलं सुरक्षा उपकरण काढलं, आणि सुपरवायझर म्हणून मी त्याला पूर्वी दोनदा ताकीद दिली होती, असं त्यात होतं.

"त्याचं आपण बघू," शेठ म्हणाला. "हॉस्पिटलचं बिल, नंतर वॉचमनची नोकरी, सगळं. मी काय त्याला सोडणार आहे? पण कागद असा गेला पाहिजे. नाहीतर तुझं सर्टिफिकेट जाईल, माझं लायसन्स जाईल. तुझी मोठी बारावीला आहे ना?"

"शेठ, तुम्हीच म्हणाला होतात ना, डायरेक्ट कर?"

"मी म्हणालो असेन. लिहून दिलं होतं का?"

तो चिडून नाही बोलला. समजावून बोलला. मी कागदाची घडी केली आणि "वाचून आणतो" म्हणून निघालो. जिना उतरेपर्यंत सही करायची असंच माझ्या मनात होतं. तो स्वतःच आळ घ्यायला तयार आहे, शेठ त्याला बघणार आहे, मग कुणाचं काय बिघडतंय, असा हिशेब मी मांडला होता.

तरी पण एकदा कुणाला तरी विचारावं म्हणून मी घाटकोपरला एका वकीलबाईंकडे गेलो. औषधांच्या दुकानावर माळ्यासारखी खोली, टेबलावर फायली, आणि पन्नाशीच्या बाई. कामगारांच्याच केस घ्यायच्या. मी कागद पुढे केला.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मित्र."

"आणि?"

"सुपरवायझर."

त्यांनी चष्मा काढला. मग मला सगळं सांगावं लागलं. डायरेक्ट वायर, फणस, अकरा दिवस, हॉस्पिटल, त्याचं ते 'मीच काढलंय'. त्या पेन्सिलीने टिपून घेत होत्या. मी संपवल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मित्राला वाटतंय तो तुम्हाला वाचवतोय. तो स्वतःला बुडवतोय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मग त्यांनी साध्या भाषेत समजावलं. काम करताना कामगाराला इजा झाली, तर मालकाला भरपाई द्यावीच लागते. चूक कुणाची, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही. कामगार थोडा बेसावध होता, मोजे घातले नव्हते, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. पण सुरक्षेसाठी बसवलेलं उपकरण ते कशासाठी आहे हे माहीत असूनही त्याने मुद्दाम काढलं असं ठरलं, तर मालकाला अंग काढून घ्यायला वाट मिळते. जीव गेला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर तीही वाट बंद होते. "पण एक हात गेला म्हणजे अपंगत्व पूर्ण नाही, असंच ते म्हणणार. म्हणजे हा कागद त्यांनी उगाच नाही बनवला."

मी विचारलं, "आणि शेठ? तो म्हणतो मी बघीन."

"बघतीलही. वर्षभर बघतील. त्यानंतर?" त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. फक्त तुमचे शेठ नाहीत. इमारत ज्याची, काम ज्याचं चाललंय, तो बिल्डरसुद्धा कायद्याने बांधलेला आहे. मधे कॉन्ट्रॅक्टर ठेवला म्हणून तो सुटत नाही."

निघताना त्यांनी मला दाराशी थांबवलं. "मी तुमच्या मित्राची वकील होऊ शकते, तुमची नाही. तुम्ही खरं बोललात तर तुमच्यावरही कारवाई होईल. पोलीस गुन्हा दाखल करू शकतात. तुम्ही स्वतःसाठी वेगळा वकील बघा आणि मग ठरवा." इतकं स्वच्छ मला त्या महिन्यात दुसरं कुणी बोललं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी भांडुपला गेलो. तोवर त्याला घरी सोडलं होतं. टेकडीच्या चढावर त्याची खोली. तो खाटेवर बसला होता, बायको त्याला भरवत होती आणि तो घास तोंडात घेताना शरमत होता. मला बघून म्हणाला, "ये रे. बघ, बाळ झालोय."

मी उभ्या उभ्याच वकीलबाईंचं सगळं सांगितलं. तू आळ घेतलास तर तुला काही मिळणार नाही. कारण ते हेच ऐकायला बसलेत.

"पैसा गेला तर गेला," तो म्हणाला. "तू ह्यात पडू नको."

"अरे पण डबी मी काढली!"

बोललो आणि माझ्या लक्षात आलं की त्याच्या बायकोला हे माहीत नव्हतं. तिच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांच्याकडे मी वीस वर्षं जात होतो. ती मला भाऊजी म्हणायची, गौरीला माझ्या बायकोची ओटी भरायची. ती ताट खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. घाटकोपरच्या एका लॅबमध्ये ती रिसेप्शनला होती, दिवसभर लोकांशी गोड बोलायची सवय. त्या वेळी आवाजात तो गोडवा नव्हता.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि इतके दिवस तुम्ही रोज हॉस्पिटलात येऊन माझ्यासाठी चहा आणत होतात?"

मी खाली बघितलं.

"अगं, जाऊ दे," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." नवऱ्याला तिने असं तोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्याकडे वळली. "मला आत्ता तुमचं तोंड बघवत नाही, भाऊजी. पण एवढं सांगा. हे कोर्टात सांगाल? असंच? सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

"मग जा. आणि सांगेपर्यंत येऊ नका."

मी शेठला कागद सही न करता परत दिला. त्याने तो घेतला आणि एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन मी माझा खरा जबाब लिहून दिला. मग भरपाईचा दावा दाखल झाला, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला शेठ आणि बिल्डर. तारखा पडत गेल्या. माझी साक्ष निघायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात मी घाटकोपरमध्ये घरोघरी पंखे, गीझर, बेल असली कामं करत होतो. भांडुपला गेलो नाही. त्याचा फोन यायचा, तोही बायको कामावर गेली की.

साक्षीच्या दिवशी बांद्र्याला कामगार न्यायालयात तो मागच्या बाकावर बसला होता. शर्टाची उजवी बाही नीट दुमडून पिन लावलेली. शेजारी ती. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. वकीलबाईंनी विचारलं ते मी सांगितलं. मग शेठचे वकील उठले.

"बोर्डातलं उपकरण कुणी काढलं?"

"मी."

"मालकांचा लेखी आदेश होता?"

"नाही. तोंडी होता. डायरेक्ट कर असं आमच्या कामात कुणी लिहून देत नाही, साहेब."

"म्हणजे आदेश होता याला पुरावा नाही. तुमच्या मित्राला पैसे मिळावेत म्हणून तुम्ही हे रचून सांगताय."

"रचायचं असतं तर स्वतःला वगळून रचलं असतं," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "उपकरण काढलं त्या दिवशी अर्जदार कुठे होते?"

"गावी. रजेवर. मस्टरमध्ये असेल."

मस्टर मागवलं गेलं आणि त्यात तो त्या दिवशी गैरहजर होता. वकीलबाई त्यावर मोजून चार वाक्यं बोलल्या. बिल्डरच्या वकिलांनी सांगितलं की हा आमचा कामगारच नव्हे, आमचा व्यवहार कॉन्ट्रॅक्टरशी. त्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "इमारत कुणाची?" उत्तर लांबलचक आलं, पण त्यात 'आमची' हा शब्द होताच. अपंगत्वावरही बरीच घासाघीस झाली. एक हात आहे, तो वॉचमन होऊ शकतो, लिफ्टमन होऊ शकतो, असं ते म्हणाले. वकीलबाईंचं म्हणणं होतं की तो वायरमन होता, आणि आता तो वायरमन होऊ शकत नाही. कायद्याने त्याच्या कामाकडे बघावं.

निकाल त्याच्या बाजूने लागला. पूर्ण अपंगत्व धरलं, बिल्डर आणि शेठ दोघांनाही जबाबदार धरलं, आणि रक्कम कोर्टात जमा झाली. विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत माझं सुपरवायझरचं सर्टिफिकेट दोन वर्षांसाठी निलंबित झालं. पोलिसांची वेगळी केस शेठवर आणि माझ्यावर चालली. तिच्यात आम्ही दोघंही दोषी ठरलो आणि दंड झाला. मला ते अन्यायाचं वाटलं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर ती माझ्यासमोर येऊन थांबली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "रविवारी वहिनींना घेऊन जेवायला या. उशीर करू नका, नाहीतर हे सगळे बांगडे संपवतात." त्यापुढे आमच्यात या विषयावर कधीच बोलणं झालं नाही. तिने माफ केलं की ठरवून बाजूला ठेवलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात आवडती. झालं असं की भांडुपच्या एका सोसायटीत मला एक फॉल्ट सापडत नव्हता. रोज संध्याकाळी एका विंगचे दिवे जायचे. मी वैतागून त्याला फोन लावला. तो आला, मीटर रूममध्ये स्टूल टाकून बसला, आणि मला पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मग म्हणाला, "न्यूट्रल बघ. दुसऱ्या मजल्याच्या जंक्शनला सैल असतलो." होता.

तेव्हापासून आम्ही बरोबरच जायला लागलो. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर. त्याची स्कूटर आता मी चालवायचो आणि तो मागे बसून रस्ता चुकवायचा. दार उघडणाऱ्याला प्रश्न पडायचा, एका पंख्याला दोन माणसं कशाला? तो सांगायचा, "मी डोकं. हो हात. वेगवेगळे घेतल्यास चालत नाय." लोक हसायचे आणि दोघांनाही पाणी द्यायचे.

काम कसलंही असो, आधी तो बोर्डातल्या त्या डबीचं टेस्टचं बटण दाबायला लावायचा. डबीच नसेल तर घरमालकाला खुर्चीवर बसवून समजावायचा. लोक ऐकतात असं नाही. पण तो बोलताना नकळत उजवी बाही हलवायचा, मग बरेचजण ऐकायचे. एकदा मुलुंडला एका निवृत्त बाईंनी विचारलं, "हे कसं झालं हो?" मी पुढे होऊन सांगणार होतो. तो म्हणाला, "कामावर झाला, बाय. कंपनीन भरपाय दिली." आणि मला म्हणाला, "तू खंय बघतंस? स्क्रू पडलो बघ." त्याने माझं नाव कुणापुढेही घेतलं नाही. मीच काहीजणांना सांगितलं, नंतर, तो जवळ नसताना.

डाव्या हाताने तो लिहायला शिकला. अक्षर आधीपेक्षा चांगलं झालं, असं त्याची बायको म्हणायची. सोल्डरिंगही करून बघायचा, डबा गुडघ्यांत धरून. जमायचं नाही, भाजायचा, शिव्या द्यायचा आणि परत करायचा. दुपारी कुठल्यातरी सोसायटीच्या बागेत, वॉचमन ओळखीचा असेल तर त्याच्या केबिनमध्ये, आम्ही डबे खायचो. तेव्हा तो जुन्या साइटच्या गोष्टी काढायचा. पण मुलुंडचा टॉवर आला की विषय बदलायचा. ते माझ्यासाठी, त्याच्यासाठी नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी नोकरीला लागली, बायको निवृत्त झाली, आणि दोघं गावी राहायला गेली. घराला नवं छप्पर घातलं, दोन गुरं घेतली. फोन येतो. गावात दिवसातून चारदा वीज जाते, त्यावर तो लाइनमनला काय काय बोलला ते सविस्तर सांगतो. मी इथे थोडीफार कामं करतो. गुडघे कुरकुरतात, स्टुलावर चढताना बायको ओरडते.

गेल्या महिन्यात घाटकोपरलाच एका घरी फॉल्ट काढायला गेलो होतो. तरुण नवराबायको, दोघांनाही कामावर जायची घाई. बोर्ड उघडला, वायरांचा गुंता बघितला आणि बोलत बसलो, ही लाल कुठून आली रे, हिचा दुसरा जोड कुठे असेल, सांग बघू. पाच-दहा मिनिटं तरी बोलत होतो. त्या घरातली तरुण बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

"काका, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही, बाळ," मी म्हणालो. "मेन जरा बंद करतो हं, फ्रीजमधलं काही काढायचं राहिलं असेल तर काढून घे."